जीवशास्त्र पाठ आहे, पण समजलंय का? सहा प्रश्न, कारणांसकट उत्तरं हवीत

गोदातीर (नाशिक)

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दहावीला विज्ञानात भरघोस गुण मिळवून आलेली मुलं दरवर्षी समोर असतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, त्यामुळे डार्विन, लॅमार्क, अवशेषांगं, जीवाश्म हे सगळं त्यांचं झालेलं असतं. नैसर्गिक निवड म्हणजे काय असं विचारलं की व्याख्या घडाघडा येते. त्याच मुलांना विचारलं, की शेतातल्या किडीवर एखादं औषध काही वर्षांनी चालेनासं का होतं, तर बहुतेकांचं उत्तर एकच: किडीला सवय होते. आत्ता म्हटलेल्या व्याख्येचा आणि या किडीचा काही संबंध आहे, हे त्यांच्या मनातच येत नाही.

म्हणून मी आपल्याच परिसरातले प्रश्न काढायला लागले. अटी दोन. उत्तर पुस्तकात आयतं सापडता कामा नये. आणि चुकीचे पर्याय मी मनानं रचायचे नाहीत, मुलांनी वर्गात खरोखर दिलेल्या उत्तरांतूनच उचलायचे. त्यातले सहा इथे देते. कृपया शोधून उत्तर लिहू नका. जे वाटतं ते लिहा आणि का वाटतं तेही लिहा, मला त्या 'का' मध्येच रस आहे.

१. द्राक्षावरच्या डावणीला एक औषध पहिली काही वर्षं उत्तम चाललं. आता तेच औषध, तेवढीच मात्रा, तरी रोग आटोक्यात येत नाही. औषध अस्सल आहे असं धरा. काय झालं असेल?
(अ) रोगाचा प्रत्येक जंतू हळूहळू औषधाला सरावला.
(आ) जगायची गरज पडली म्हणून जंतूंनी स्वतःत बदल करून घेतला.
(इ) औषध न लागणारे थोडे जंतू आधीपासूनच होते. बाकीचे मेले, यांची संख्या वाढली.

२. जुन्या वेलीचं जाड खोड पूर्ण वाळवून वजन केलं. त्या वजनातला सर्वांत मोठा वाटा आला कुठून? माती, पाणी, खत की हवा?

३. बी असलेल्या वाणाची एक वेल वर्षानुवर्षं एप्रिल आणि ऑक्टोबरला छाटली जाते आहे. तिच्या मण्यातलं बी पेरलं तर रोपं जरा खुजी निघतील का?

४. निफाड-सिन्नरकडचे बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्लं देतात, गावातली कुत्री खातात. बिबट्याची उत्क्रांती होते आहे, असं यावरून म्हणता येईल का?

५. रोहू मासा, बेडूक, माणूस. नात्यानं बेडूक कोणाला जास्त जवळचा?

६. नवरा-बायको दोघंही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, म्हणजे दोघांकडेही त्याचं एकेक जनुक आहे पण आजार नाही. पहिलं मूल सिकलसेलग्रस्त. 'चारात एक' असं त्यांनी ऐकलं आहे. मग पुढची तीन मुलं निरोगी होणार का?

द्राक्षबाग (निफाड तालुका)

मॅडम, पहिला प्रश्न आमच्या रोजच्या जगण्यातला. माझं उत्तर (अ). फवारणी करताना मात्रा कमी पडली की जंतू मरत नाही, जरा आजारी पडून उठतो आणि पुढच्या वेळी तेवढ्या औषधाला दाद देत नाही. त्याची पिल्लावळही मग तशीच निपजते. आमच्याकडे सगळे असंच सांगतात.

तिसरं, छाटणीनं खुजी रोपं होणार नाहीत. वेल छाटली तरी तिचा गुण तोच राहतो, हे रोज बघतो.

रेवती_क (इंदिरानगर)

लेक दहावीत आहे. तिला मोठ्यानं वाचून दाखवले. तिची उत्तरं: पहिल्याला (आ), दुसऱ्याला माती आणि खत, तिसऱ्याला 'नाही, लॅमार्क चुकीचा होता', चौथ्याला हो, पाचव्याला मासा, कारण दोघं पाण्यात असतात. सहाव्याला म्हणाली, 'एक झालं ना, मग आता तीन चांगली.'

तिसरं बरोबर आणि पहिलं (आ) हे एकाच मुलीनं कसं दिलं, याचं मला आश्चर्य वाटलं. दोन्हीकडे विचार तर एकच लागतो ना?

गोदातीर

रेवतीताई, अगदी नेमकं पकडलंत. लॅमार्क हे नाव चुकीच्या रकान्यात टाकायचं हे तिला पाठ आहे. पण लॅमार्कचा विचार, म्हणजे आयुष्यात कमावलेला बदल पुढच्या पिढीत उतरतो हा, डावणीच्या वेषात समोर आला तेव्हा तिनं तो ओळखला नाही. हे तिच्या एकटीचं नाही. कान टोचायची रीत आपल्याकडे शेकडो पिढ्यांची आहे, तरी प्रत्येक बाळ न टोचलेल्या पाळीचंच जन्माला येतं, हे मुलांना लगेच पटतं. तीच मुलं जंतूंच्या बाबतीत मात्र गरजेपोटी बदल झाला असं लिहितात.

द्राक्षबाग भाऊ, तुमच्या उत्तरात दोन भाग आहेत. मात्रा कमी पडली की रोगाचं फावतं, हा अनुभव खरा आहे. पण जो जंतू वाचला तो आजारातून उठून कणखर झाला म्हणून वाचला, की मुळातच वेगळा होता म्हणून? हे कसं ठरवायचं?

१९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी हे ठरवायची एक सुरेख रीत काढली. काचेच्या बशीत जिवाणू दाट वाढवले. बशीच्या मापाच्या ठोकळ्यावर मखमल ताणून बसवली आणि ती बशीवर अलगद टेकवली. मखमलीच्या लवेला जागोजागचे जिवाणू चिकटले. मग तोच ठोकळा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशांवर एकामागून एक टेकवला. पहिल्या बशीत जो जिवाणू ज्या जागी होता, त्याच जागी तो या बशांत उतरला. औषधानं जवळजवळ सगळे मेले. जे मोजके ठिपके वाढले, ते सगळ्या बशांत त्याच त्याच जागी! औषध लागल्यावर काही जिवाणू सरावले असते, तर एका बशीत ते इथे उगवले असते आणि दुसरीत तिथे. मग त्यांनी मूळ बशीकडे जाऊन नेमक्या त्या जागचे जिवाणू उचलले. त्या बशीला औषधाचा थेंबही लागलेला नव्हता, तरी त्या जागच्या जिवाणूंमध्ये औषध न लागणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. म्हणजे ते आधीपासून होते. औषधानं त्यांना घडवलं नाही, फक्त त्यांचे प्रतिस्पर्धी काढून टाकले.

डावणीतही हेच. स्ट्रॉबिल्युरिन गटाची औषधं जंतूच्या एका प्रथिनाला, सायटोक्रोम बी ला, एकाच जागी अडवतात. त्या प्रथिनात १४३ व्या जागेवर ग्लायसीनऐवजी अ‍ॅलनीन आलं की औषध तिथे बसत नाही. हा बदल योगायोगानं होतो, औषध असो वा नसो. औषध नसेल तर असा जंतू हजारोंत हरवून जातो. औषध मारलं की तोच उरतो.

द्राक्षबाग

आता एक गोष्ट लागली. बोर्डो मिश्रण आम्ही आजोबांच्या काळापासून मारतो, मोरचूद आणि चुना. त्याला डावणी कधी सरावली नाही. ती का? तुमच्या हिशोबानं तिथेही थोडे वेगळे जंतू असायला हवेत.

गोदातीर

असा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर त्या मुलाला मी परीक्षेतून सूट देईन!

तांबं जंतूच्या एकाच प्रथिनाला धरत नाही, अनेक ठिकाणी एकदम मारा करतं. त्यातून वाचायला एकाच जंतूत एकाच वेळी बरेच बदल जुळून यावे लागतात, आणि तसं घडण्याची शक्यता फारच थोडी. फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात बोर्डो मिश्रण डावणीवर वापरात आलं आणि आजही चालतं. तुम्ही गट बदलून फवारणी करता त्यामागेही हेच आहे. एका गटातून वाचलेल्याला दुसऱ्या गटानं गाठायचं. 'सवय होते' असं धरलं, तर गट बदलण्याऐवजी मात्रा वाढवत नेणं शहाणपणाचं वाटेल. त्यानं खर्च वाढेल आणि वाचणारे मात्र तेच राहतील.

जिज्ञासू४२२ (सातपूर)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. झाड मातीतून अन्न घेतं हे लहानपणापासून शिकलो. खत टाकलं की झाड फोफावतं हे डोळ्यांनी दिसतं. हवेला वजन ते किती, आणि त्यातून खोड कसं होईल?

आणि एक मूलभूत शंका. उत्क्रांती ही थिअरीच आहे ना? प्रत्यक्ष कुणी माकडाचा माणूस होताना पाहिलेला नाही. मग मुलांना ती पक्कं सत्य म्हणून का शिकवायची? राग मानू नका, मी खरोखर समजून घ्यायला विचारतोय.

रेवती_क

जिज्ञासू, माझ्याही मनात होतं. २०१८ मध्ये केंद्रातले एक राज्यमंत्री औरंगाबादेत हेच म्हणाले होते आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढला. मुलं विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही.

गोदातीर

राजकारणाकडे वळू नये अशी विनंती, शंका मात्र जरूर घेते.

आधी खोड. बेल्जियममधल्या यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँटनं मोजून वाळवलेल्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६४ पौंडांनी, म्हणजे सुमारे ७४ किलोंनी वाढलं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट फक्त दोन औंस, साठ ग्रॅमही नाही. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापलं गेलं. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड झाड घेतं हे त्याच्या काळी कुणालाच माहीत नव्हतं. मोजमाप चोख होतं, पण हवेचा विचार करायचा हे सुचायला आणखी शंभरावर वर्षं जावी लागली.

वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून येतो. उरलेल्यात ऑक्सिजन सर्वांत जास्त, तोही मुख्यतः त्याच कार्बन डायऑक्साइडमधला. हायड्रोजन पाण्यातला. पडताळा तुमच्या घरी आहे. छाटणीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा चुलीत घाला. शेवटी उरते ती मूठभर राख. मातीतून आलेलं पोटॅश, चुना, मॅग्नेशियम त्या राखेत आहे. बाकीचं जिथून आलं होतं तिथे परत गेलं.

जिज्ञासू४२२

राखेचं पटलं. पण मग नत्र? युरिया तर मातीतूनच जातो, आणि जाळल्यावर तो राखेत उरत नसेल.

गोदातीर

बरोबर, नत्र बहुतांश धुरावाटे उडून जातं, तेव्हा राख म्हणजे मातीचा संपूर्ण वाटा नव्हे. पण लाकडात नत्र मुळात एक टक्क्याच्याही आतच असतं, त्यामुळे उत्तर बदलत नाही. खतानं झाड फोफावतं कारण पानं, हरितद्रव्य, विकरं बनायला ते थोडंसं नत्र लागतंच. ते कमी पडलं तर हवेतला कार्बन पकडणारी यंत्रणाच तोकडी राहते.

आता 'थिअरी'. विज्ञानात एखाद्या सिद्धान्ताची पारख त्यातून निघणाऱ्या भाकितावर होते, समोर घडताना दिसलं की नाही यावर नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत ४८. या सगळ्यांचा पूर्वज एक असेल, तर माणसाच्या वाटेवर एक जोडी गेली कुठे? एवढी जनुकं नुसती गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जुळलेली असली पाहिजेत. हे भाकीत. आता तपासा. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी हा ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा येतो. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हा टोकाचा क्रम मधेच सापडतो, आणि तोही समोरासमोर, जसा दोन टोकं भिडल्यावर असायला हवा. शिवाय गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू असतो, इथे दुसऱ्या एका निकामी बिंदूचे अवशेष आहेत. नेमकी जोडाची जागा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. भाकीत चुकलं असतं तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती.

आणि माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही हे खरंच, कारण उत्क्रांती तसं म्हणतच नाही. चिंपांझी आजचा आहे, आपणही आजचे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजापासून दोन फांद्या निघाल्या, आणि तो पूर्वज ना चिंपांझी होता ना माणूस. पाचवा प्रश्न याचसाठी आहे.

नांदूरपक्षी (नाशिक रोड)

पाचव्याचं माझं उत्तर: माणूस. बेडूक आणि आपण दोघंही चार पायांच्या प्राण्यांत येतो, आपल्या दोघांचा सामाईक पूर्वज रोहूपासून फांदी फुटल्यानंतरचा. बेडूक पाण्यात राहतो आणि रोहूही, पण पत्ता एक असला म्हणून नातं जवळचं होत नाही.

हे मला पक्ष्यांनी शिकवलं. नांदूरमध्यमेश्वरला (महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०) फ्लेमिंगो आले की सगळे त्यांना करकोच्यांच्या कुळातले समजतात. लांब पाय, लांब मान, दोघं पाण्यात चालत खातात. डीएनए तपासल्यावर फ्लेमिंगोचं सर्वांत जवळचं नातं निघालं टिबुकलीशी, म्हणजे त्याच पाण्यात बुड्या मारणाऱ्या गोल-मटोल, आखूड पायांच्या पक्ष्याशी! ससाण्याचंही तेच. बाकदार चोच, धारदार नख्या, म्हणून आपण त्याला घारी-गरुडांत बसवतो. पण ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा आहे. शिकारीची हत्यारं दोन वेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे तयार झाली. मॅडम, पुढच्या वेळी हे दोन प्रश्न जरूर घाला. ज्याला फांद्यांचा आकृतिबंध कळलाय तो अडखळेल पण पोचेल, ज्याला फक्त चित्रं पाठ आहेत तो पोचणार नाही.

बिबट्याबद्दल मी 'नाही' म्हणेन. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात शेजारच्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. पण कुत्री खाणं हे पिल्लू आईमागून फिरत शिकतं.

गोदातीर

वा! दोन्ही प्रश्न घेतले.

बिबट्याच्या बाबतीत 'नाही' पेक्षा 'एवढ्यावरून म्हणता येणार नाही' हे जास्त काटेकोर. एकाच जनावराच्या आयुष्यात बदललेली वागणूक म्हणजे उत्क्रांती नव्हे. उत्क्रांती म्हणायला मी तीन गोष्टी मागेन. बिबट्या-बिबट्यांत वेगळेपण हवं, उदाहरणार्थ माणसाच्या वासाला बिचकण्यात. त्यातलं काही आनुवंशिक हवं, म्हणजे पिल्लू दुसरीकडे वाढवलं तरी टिकणारं. आणि कमी बिचकणाऱ्यांची पिल्लं उसात जास्त जगून पिढ्यागणिक त्या जनुकांचं प्रमाण बदललेलं दिसायला हवं. मुलांपैकी ज्यांनी हे तीन मुद्दे स्वतःहून मागितले, त्यांना मी पूर्ण गुण देते, मग शेवटी ते 'हो' म्हणोत की 'नाही'.

रेवती_क

मधेच एक घरगुती शंका. आमच्या सोसायटीत पिंपळ लावायचा आग्रह आहे, तो रात्रीही ऑक्सिजन देतो म्हणून. खरं का?

गोदातीर

नाही. ऑक्सिजन निघतो तो प्रकाशात पाण्याच्या रेणूचं विघटन होताना, रात्री तो मार्गच बंद. श्वसन मात्र सगळी झाडं दिवसरात्र करतात. कोरफड, निवडुंग यांसारख्या वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, तरी ऑक्सिजन दिवसाच. पिंपळ सावलीसाठी आणि पक्ष्यांसाठी अवश्य लावा, फक्त इमारतीपासून लांब.

सराव_सर (कॉलेज रोड)

मी नीटची बॅच घेतो. मॅडम, कळकळ पोचली. पण १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. मुलाला 'का वाटतं ते लिही' म्हणायला वेळ कुठून आणायचा? आणि ज्याला व्याख्या नीट पाठ आहे तो विचारही करू शकतो, असा माझा अनुभव आहे. पाया पाठांतराचाच असतो.

गोदातीर

सर, संज्ञा आणि तपशील पाठ असावेच लागतात, ९० प्रश्नांना तोंड देणारी मुलं मीही पाहते. वाद एवढाच आहे की पाठ आहे हे तपासून समजलंय असा निष्कर्ष काढू नये.

पर्यायी प्रश्नांवर माझा रागही नाही. २००२ मध्ये अमेरिकेत अँडरसन, फिशर आणि नॉर्मन यांनी नैसर्गिक निवडीवर २० प्रश्नांचा संच तयार केला, तो पूर्ण पर्यायीच आहे. त्याचं सामर्थ्य चुकीच्या पर्यायांत आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनातली एकेक पक्की समजूत. त्यामुळे चुकलेलं उत्तरही शिक्षकाला सांगतं की गाठ कुठे बसली आहे. फक्त त्यातली उदाहरणं गॅलापागोसच्या फिंच, व्हेनेझुएलातले गप्पी मासे आणि कॅनरी बेटांवरचे सरडे अशी. आपल्या मुलांना ती सगळी पुस्तकातली वाटतात आणि पुस्तकातलं दिसलं की पुस्तकी उत्तर बाहेर येतं. म्हणून मला डावणी हवी.

दुसरी रीत दोन पायऱ्यांची. आधी उत्तर निवडायचं, मग त्या उत्तराचं कारण चार पर्यायांतून निवडायचं. दोन्ही बरोबर तरच गुण. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत नीट मांडली. यात लिहायला वेळ जात नाही.

माझ्या वर्गात आणखी एक दिसतं. एखादा गुण नव्यानं आला तर मुलं निवड लावून उत्तर देतात. गुण नाहीसा झाला की घसरतात. गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे का गेले? 'वापर नव्हता म्हणून.' नुसत्या न वापरण्यानं पुढच्या पिढीचे डोळे कसे जातील? डोळा बिघडवणारे बदल सगळीकडेच होतात. उजेडात असा मासा मरतो, अंधारात त्याचं काही अडत नाही, शिवाय डोळा आणि त्याला लागणारा मेंदूचा भाग पोसायचा खर्च वाचतो. तीच निवड, फक्त उलट्या दिशेनं. दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय समजलं की नाही ते कळत नाही.

लासलगावकर

कांद्याच्या गावचा आहे म्हणून विचारतो. कुठेतरी वाचलं की कांद्याच्या पेशीत माणसापेक्षा जास्त डीएनए असतो. मग कांदा जास्त प्रगत म्हणायचा का?

गोदातीर

वाचलंत ते खरं आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरं, कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १६ अब्ज. पाचपट! पण जनुकांची संख्या काही पाचपट नाही. बहुतेक भरणा स्वतःच्या प्रती काढत पसरलेल्या तुकड्यांचा आहे. सगळा डीएनए काही ना काही कामाचा असतो असं म्हणणाऱ्यांना रायन ग्रेगरी या शास्त्रज्ञानं २००७ मध्ये विचारलं होतं, मग कांद्याला माणसाच्या पाचपट का लागतो ते सांगा. या प्रश्नाला 'कांदा कसोटी' असंच नाव पडलं आहे. 'प्रगत' ही पायरी उत्क्रांतीत नसतेच. कांदा आणि आपण, दोघंही तितकाच काळ टिकून आजपर्यंत आलो.

द्राक्षबाग

मॅडम, तिसऱ्या प्रश्नावरून एक सुचलं. थॉमसन हा द्राक्षाचा वाण आम्ही बियांपासून लावतच नाही. डॉगरिजच्या खुंटावर काडीचं कलम. म्हणजे सगळ्या तालुक्यातली थॉमसन ही एकाच वेलीचे तुकडे. डावणीत वेगळे जंतू निघत राहतात, आमच्या वेलीत मात्र वेगळं काहीच निघत नाही. मग वेलीनं डावणीला तोंड द्यायला शिकावं तरी कसं?

गोदातीर

शिकणार नाहीच, आणि याचं कारण तुम्हीच दिलंत. निवडीला निवडायला फरक लागतात. काडीतून फरक फारसे येत नाहीत. क्वचित एखाद्या डोळ्यात बदल होतो, तास-ए-गणेश हा वाण थॉमसनमधूनच असा निवडलेला. पण रोगाशी टक्कर द्यायची तर संकर करावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला एआरआय-५१६ हा वाण कटॉबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आलेला आहे. कटॉबात अमेरिकी रानवेलीचं रक्त आहे, आणि त्या वेली डावणीच्या सोबतीनंच वाढल्या, कारण हा रोगही मूळ अमेरिकेतलाच.

आरोग्यसेवक_डॉ (पेठ-सुरगाणा भाग)

उशिरा आलो. सहावा प्रश्न मी दवाखान्यात रोज बघतो. 'चारात एक' हे वाक्य आम्हीच सांगतो आणि लोक ते रांगेसारखं समजतात: एक आजारी झालं, आता तीनचा कोटा चांगला. प्रत्यक्षात प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा चारात एकच, आधी काय झालं याचा तिला पत्ता नसतो. चार मुलांच्या घरात एकालाही आजार नसण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण चार वेळा, म्हणजे सुमारे ३२ टक्के. त्यामुळे शेजारच्या घरात चारही मुलं चांगली असतात आणि मग लोकांना वाटतं डॉक्टर उगाच घाबरवतात.

आता मी वाक्य बदललं आहे. 'प्रत्येक वेळी नव्यानं चिठ्ठी निघते, चार चिठ्ठ्यांत एक आजाराची, आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात जाते.' समजलं की नाही हे बघायला मी विचारतो, 'पहिली तिन्ही मुलं चांगली झाली, तर चौथं?' 'तेही चारात एक' असं उत्तर आलं की मी पुढे जातो. नुसती मान हलली तर पुन्हा सांगतो.

सराव_सर

डॉक्टर, हे आवडलं. मी माझा एक प्रश्न टाकतो, पर्यायांसकट. आई-वडील दोघंही वाहक. बहिणीला सिकलसेल आहे. २५ वर्षांच्या भावाला आजार नाही हे तपासून नक्की झालंय, पण तो वाहक आहे का ते माहीत नाही. तो वाहक असण्याची शक्यता किती? १/४, १/२, २/३, ३/४.

आरोग्यसेवक_डॉ

२/३. चार जोड्या निघतात: एक पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक आजारी. त्याला आजार नाही हे कळलंय, म्हणून चौथी जोडी बाद. उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहक. त्याची होणारी बायकोही वाहक असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला धोका २/३ गुणिले १/४, म्हणजे सहात एक.

पण हा हिशोब रक्त तपासेपर्यंतच. आधी सोल्युबिलिटी चाचणीची चाळणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं खात्री, की तो वाहक आहे किंवा नाही हे सरळ कळतं. लग्न ठरायच्या आधी ही तपासणी व्हावी म्हणून आम्ही आश्रमशाळांमध्येच मुलांना गाठतो.

सराव_सर

आज बॅचला दिला. बहुतेकांनी १/२ वर खूण केली. कारण विचारलं तर म्हणाली, 'तक्त्यात चारपैकी दोन वाहक असतात.' पनेट चौकट सगळ्यांनी बिनचूक काढली होती. त्याला आजार नाही ही माहिती दिली होती, ती वापरायची असते हे मात्र कुणाला सुचलं नाही. चौकट येते म्हणजे आनुवंशिकता कळली, असं मी धरून चाललो असतो. पुढच्या चाचणीत दहा प्रश्न दोन पायऱ्यांचे ठेवतोय.

गोदातीर

सर, ज्यांनी २/३ लिहिलं त्यांचीही कारणं विचारा. माझ्याकडे दोन मुलींनी २/३ निवडलं होतं. एकीनं डॉक्टरांसारखी आजारी जोडी खोडली होती. दुसरी म्हणाली, 'तीन पर्याय ओळखीचे होते, हाच एक वेगळा दिसला.'